गिरणगावातील मातांचे रक्त वाचणारी लुसी विल्स

लोणावळ्याच्या घाटमाथ्यापासून तळेगावपर्यंत पसरलेल्या मावळ तालुक्यात, अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातील एखाद्या आरोग्य उपकेंद्रात गर्भवतीची नोंद होते, तेव्हा काही गोष्टी ठरलेल्या असतात. आशा सेविकेच्या सोबतीने आलेल्या त्या तरुणीच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड पडते, वजन व रक्तदाब पाहिला जातो, हिमोग्लोबिन तपासण्यासाठी रक्त घेतले जाते. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची आणि त्यानंतर लोह व फॉलिक ॲसिडची एकत्र लाल गोळी तिला दिली जाते. गोळी घेतल्यावर मळमळते, म्हणून ती डब्यात तशीच पडून राहते, अशी तक्रार आरोग्य कर्मचारी वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. त्या गोळीतील फॉलिक ॲसिडचा शोध मात्र लोणावळ्यापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, मुंबईच्या परळ भागात सुरू झाला, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. तो सुरू करणाऱ्या महिलेचे नाव होते डॉ. लुसी विल्स.

गर्भारपणाच्या सुरुवातीच्या काळातील रक्तात पुढील संकटाची चाहूल दडलेली असते, हा विचार आज सर्वमान्य आहे. १९२८ साली तसे नव्हते. बाळंतपणात किंवा त्यानंतर स्त्री दगावली, तर दोष नशिबाला, सुईणीला किंवा जंतूंना दिला जाई. विल्स यांनी नशिबाकडे न पाहता सूक्ष्मदर्शकाखालच्या रक्ताच्या थेंबाकडे पाहिले, आणि तेथून त्या थेट मातांच्या ताटापर्यंत पोहोचल्या.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि कुटुंबाचा अवजारे बनवण्याचा व्यवसाय होता. आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामांकित डॉक्टर होते. विज्ञानाची गोडी त्यांना घरातूनच लाभली. चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध शाळेतून बाहेर पडल्यावर १९०७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात प्रवेश घेतला. वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९११ मध्ये त्यांनी परीक्षा उत्तीर्ण केली, परंतु पदवी मात्र मिळाली नाही. पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने पूर्ण पदवी मिळण्यासाठी केंब्रिजमधील स्त्रियांना १९४८ पर्यंत थांबावे लागले.

याच सुमारास त्यांच्यावर दुःखाचे घाव पडले. १९११ मध्ये वडील गेले आणि १९१३ मध्ये बहीण एडिथ हिचा तरुण वयात मृत्यू झाला. त्यानंतर आईसोबत त्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आल्या. १९१४ मध्ये भावासोबत दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध पेटले आणि केपटाऊनच्या रुग्णालयात त्यांनी काही काळ शुश्रूषेचे काम केले. वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास की माणसांचे दुखणे, हा निर्णय बहुधा तेथेच झाला असावा. १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव नोंदवले.

ब्रिटनमध्ये स्त्रियांना डॉक्टर करणारे हे पहिले महाविद्यालय १८७४ मध्ये स्थापन झाले होते, आणि महाराष्ट्राशी त्याचे नाते जुने होते. बालपणी लावलेला विवाह न्यायालयात नाकारणाऱ्या रखमाबाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या होत्या. पुण्यात शालेय शिक्षण घेतलेल्या बेने इस्रायली समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनीही तेथेच शिक्षण घेऊन १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्रातील उच्च पदवी मिळवली. विल्स १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या. खासगी व्यवसायाची वाट न धरता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात गर्भारपणातील विकारांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. गर्भवतीच्या शरीरातील रासायनिक घडामोडी नेमक्या कशा बदलतात, हा तेथील अभ्यासाचा विषय होता. परळमध्ये उपयोगी पडलेली शिस्त त्यांच्या अंगी येथेच बाणली.

मुंबईतील १९२८

लंडनपासून दूर मुंबईत त्या वेळी डॉ. मार्गारेट बालफोर नावाच्या अनुभवी स्कॉटिश डॉक्टर एका प्रश्नाने अस्वस्थ होत्या. १८९२ पासून भारतात काम करणाऱ्या बालफोर यांना दिसत होते, की गर्भारपणाच्या उत्तरार्धात अनेक स्त्रिया एकाएकी पांढऱ्याफटक पडतात. पायांवर सूज येते, दम लागतो, जीभ सोलवटते, आणि बाळंतपणाच्या ताणात अनेकींचे हृदय दगा देते. हा पांडुरोग साधा नव्हता. लोह देऊनही तो हटत नसे. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंच्या चौकशीचे काम हाती घेतले होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून या रक्तक्षयाचे मूळ शोधण्यासाठी बालफोर यांनी विल्स यांना बोलावून घेतले. चाळिसाव्या वर्षी, नव्या देशात, उष्ण दमट हवेत नवे काम सुरू करण्याचे धाडस विल्स यांनी केले.

ज्या मुंबईत त्या उतरल्या, ती मुंबई त्या वर्षी खदखदत होती. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणी कामगारांचा प्रचंड संप चालला. त्याच वर्षी मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात वेतनी रजा मिळावी, यासाठीच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. त्याच १९२८ मध्ये डॉ. झिराड यांनी कामा रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. कामगार स्त्रीचे बाळंतपण हा केवळ तिच्या घरचा विषय नसून समाजाचा व सरकारचाही विषय आहे, ही जाणीव तेव्हा आकार घेत होती.

या गिरण्यांचे आणि मावळचे नातेही घट्ट होते. लोणावळा, वलवण आणि शिरवटा येथील धरणांत साठवलेले सह्याद्रीचे पावसाचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांच्या जलविद्युत कंपनीने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यास प्रारंभ केला होता. १९२२ मध्ये अंदर मावळातील ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. मावळच्या पाण्यावर मागे फिरू लागले, आणि त्या मागांवर कोकणातून व घाटावरून आलेली माणसे राबू लागली. त्यांच्या घरातील स्त्रिया चाळीच्या एका खोलीत संसार करीत, काही जणी स्वतः गिरणीत कामाला जात. या श्रमिक वस्त्यांच्या मधोमध, परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हाफकिन इन्स्टिट्यूट उभी होती. प्लेगची लस तयार करणारी ही संस्था आता मातांच्या रक्ताकडे वळली.

ताटातील फरक

विल्स यांनी आधी संशयितांची यादी तपासली. आतड्यातील जंतूंमुळे हा रक्तक्षय होत असेल काय, याची त्यांनी पडताळणी केली, परंतु तसा पुरावा हाती लागला नाही. रक्ताच्या तपासणीत मात्र एक खूण ठळक होती. रुग्ण स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाच्या अभावी पेशी लहान व फिक्या होतात. येथे उलट चित्र होते. पेशींना वाढता येत होते, पण विभागता येत नव्हते. जणू कापड विणले जात होते, पण ठरल्या मापावर कापले जात नव्हते. याचा अर्थ लोहाखेरीज दुसरेच काही तरी कमी पडत होते.

तेव्हा विल्स आणि त्यांच्या सहकारी डॉ. तळपदे यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. कोणत्या थरातील स्त्री काय खाते, किती खाते, दूध, फळे व भाजीपाला तिच्या वाट्याला येतो की नाही, घरात उजेड-वारा किती, याची नोंद झाली. या पाहणीचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. रोग गरिबीच्या मागोमाग चालत होता. खात्यापित्या घरांत तो क्वचित दिसे. सर्वाधिक निकृष्ट आहार गरीब मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला येत होता आणि त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वाधिक होता. धर्म, जात किंवा हवामान यांत त्याचे मूळ नव्हते. ते रिकाम्या ताटात होते. प्रत्येक गर्भारपणात बाळ आईच्या साठ्यातून आपला वाटा उचलते, आणि साठाच तोकडा असेल तर आई कोसळते, असा त्याचा अर्थ निघत होता.

पाहणीतून संशय बळावतो, सिद्ध होत नाही. म्हणून प्रयोग आवश्यक होते. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्स निलगिरीतील कुन्नूरला गेल्या. तेथे सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांची आहार संशोधनाची प्रयोगशाळा होती, जी पुढे हैदराबादला हलवण्यात आली. उंदरांना निकृष्ट आहार देऊन त्यांच्यात रक्तक्षय निर्माण होतो का, हे त्यांनी पाहिले. यीस्ट दिलेल्या उंदरांना त्रास होत नसे, असे दिसले खरे. परंतु उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गाने निष्कर्षात गोंधळ घातला. सोयीचा निष्कर्ष स्वीकारून मोकळे होण्याऐवजी विल्स यांनी ती वाट सोडली आणि माणसाच्या अधिक जवळ असलेल्या माकडांवर प्रयोग आरंभले. गरीब स्त्रियांच्या ताटातील अन्नाशी मिळताजुळता आहार दिल्यावर माकडांच्या रक्तातही मोठ्या पेशी दिसू लागल्या. या प्रयोगात एच. एस. बिलिमोरिया हे त्यांचे सहकारी होते आणि त्यावरील निबंध १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वस्त बरणीतील औषध

मोठ्या पेशींचा आणखी एक रक्तक्षय पाश्चात्त्य डॉक्टरांना परिचित होता. त्या रोगात यकृत किंवा यकृताचा अर्क दिल्यास रुग्ण बरा होतो, हे अमेरिकेत १९२६ मध्ये दिसून आले होते आणि त्या संशोधनमालिकेला १९३४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईतील स्त्रियांनाही यकृताचा अर्क गुणकारी ठरत होता. परंतु तो महाग होता. ज्या घरात दूध विकत घेणे परवडत नव्हते, तेथे आयात केलेल्या यकृत अर्काची मात्रा महिनोन्महिने कोण देणार, हा प्रश्न होता. विल्स यांना केवळ रोगाचे कारण नको होते. त्या स्त्रीला परवडेल असा उपाय हवा होता.

तो त्यांना मार्माइटमध्ये सापडला. बिअर तयार झाल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेला हा काळपट, खारट, दाट अर्क इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ला जाई. ब जीवनसत्त्वांचा स्वस्त साठा म्हणून तो परिचित होता. अ आणि क जीवनसत्त्वांनी फरक पडला नव्हता. मार्माइट सुरू करताच काही दिवसांत रुग्ण स्त्रियांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, सूज उतरली, चेहऱ्यावर रंग आला. निकृष्ट आहाराने खंगलेल्या माकडांतही यीस्टच्या अर्काने हाच पालट घडवला. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि गर्भारपणातील या घातक रक्तक्षयावर न्याहारीच्या टेबलावरील एका बरणीत उपाय आहे, ही बातमी जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

शोध येथेच थांबला नाही. यकृताच्या अर्कात व यीस्टच्या अर्कात गुणकारी असलेले द्रव्य एकच असावे, असे समजणे सोपे होते. विल्स यांनी ते तपासून पाहिले. यकृताचा अर्क जितका शुद्ध केला जाई, तितका तो पाश्चात्त्य रोगावर प्रभावी राही, परंतु मुंबईच्या रक्तक्षयावर निकामी ठरे. म्हणजे अशुद्ध अर्कात दोन वेगवेगळी द्रव्ये होती आणि शुद्धीकरणात त्यांपैकी एक निघून जात होते. पुढील वर्षांत त्यांनी सहकाऱ्यांसह हे अधिक काटेकोरपणे सिद्ध केले. ते अज्ञात द्रव्य विल्स घटक या नावाने ओळखले जाऊ लागले. आज आपण पहिल्या द्रव्याला बी-१२ आणि दुसऱ्याला फॉलेट म्हणतो. दोन्ही द्रव्यांची बाटली हातात नसताना, केवळ रुग्णांच्या प्रतिसादावरून ती वेगळी असल्याचे ओळखणे ही रक्तविज्ञानातील मोठी झेप होती.

सायकल, दवाखाना आणि नगरपरिषद

१९३१ च्या प्रारंभी विल्स मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम करून आल्या. १९३३ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या आणि रॉयल फ्री रुग्णालयात रुजू झाल्या. तरीही मुंबईची ओढ कायम होती. १९३७ च्या अखेरीस त्या पुन्हा सुमारे दहा आठवड्यांसाठी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. या वेळी बोटीने नव्हे, तर साउदम्प्टनहून कराचीपर्यंत समुद्रविमानाने. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच राहिल्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला आणि जीवितहानी झाली, तरी प्रयोगशाळेचे काम काही दिवसांतच पुन्हा सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली होती. त्या रुग्णालयातील पहिला रक्तविज्ञान विभागही त्यांनीच उभारला.

१९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार व रक्तक्षयाचा अभ्यास सुरू ठेवला. त्यांनी विवाह केला नाही. मोटारीऐवजी सायकल चालवणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या आणि बर्फावरून घसरत जाण्याची आवड असलेल्या या डॉक्टर आयुष्याच्या अखेरच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागातील नगरपरिषदेत मजूर पक्षाच्या सदस्य होत्या. गरिबीतून आलेल्या रोगावर केवळ औषध पुरत नाही, हे परळमध्ये पाहिलेल्या व्यक्तीला स्थानिक राजकारण परके वाटले नसावे. २६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

विल्स घटकाचे पुढचे रूप

विल्स यांनी ज्याचे अस्तित्व दाखवले, ते द्रव्य हाती येण्यास दशक उलटावे लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे करण्यात आले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ली प्रयोगशाळेने १९४५ च्या सुमारास ते कृत्रिमरीत्या तयार केले. मुंबईत सुरू झालेल्या कोड्याचे उत्तर एका भारतीयाच्या प्रयोगशाळेत पूर्ण झाले, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे. त्याच प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडला रोखणारी द्रव्ये तयार झाली आणि १९४८ मध्ये बोस्टनमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर त्यांचा उपयोग होऊन कर्करोगावरील औषधोपचाराचे एक दालन उघडले.

विल्स यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये लिव्हरपूलमधील डॉक्टरांनी मातेतील फॉलेटची कमतरता आणि बाळाच्या मज्जासंस्थेतील जन्मजात व्यंग यांचा संबंध मांडला. १९९१ मध्ये सात देशांतील ३३ केंद्रांवर झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्यांना आधी असे व्यंग असलेले अपत्य झाले होते, त्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुन्हा तसे घडण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. गर्भाच्या मेंदू व मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अवघ्या चार आठवड्यांत बंद होते. अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत, हे तोवर कळलेलेही नसते. म्हणूनच ही गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो.

भारतात लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी देण्याची तरतूद आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. गोळीचा शोध लागणे वेगळे आणि ती पोटात जाणे वेगळे, हेच हा आकडा सांगतो.

पुण्याने घातलेली भर

विल्स यांनी दोन द्रव्ये वेगळी असल्याचे ओळखले होते. त्या वेगळेपणाचे महत्त्व पुणे जिल्ह्याने नव्याने दाखवून दिले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भारपणाच्या १८ व्या व २८ व्या आठवड्यात मातांच्या रक्ताची तपासणी करून त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक सुदृढ होती, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्स व तळपदे यांच्या पाहणीशी हे निष्कर्ष किती जुळतात, हे वेगळे सांगायला नको.

पुढचा निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. या ग्रामीण मातांत फॉलेटची कमतरता क्वचितच होती, पण सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. मधुमेहाकडे नेणारी ही पाऊलवाट आईच्या गर्भारपणातील रक्तात दिसू शकते, असा याचा अर्थ होता. बी-१२ प्राधान्याने दूध व मांसाहारातून मिळते. शाकाहारी व अल्प दूध घेणाऱ्या घरांत ते तोकडे पडते. एकाच द्रव्याची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा दोहोंचा तोल राखणे महत्त्वाचे, हा धडा त्यातून मिळाला. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी टाकून द्यावी, असे मात्र नव्हे. तिचे लाभ निर्विवाद आहेत. तिच्या जोडीला बी-१२ कडेही लक्ष हवे, एवढाच त्याचा मथितार्थ.

रक्ताच्या थेंबातील भविष्य

गर्भवतीच्या रक्तातील खुणा वाचण्याचे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. गर्भारपणाच्या ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेतून आईच्या रक्तात उतरणारी काही प्रथिने मोजून, त्याला रक्तदाब व सोनोग्राफीतील रक्तप्रवाहाच्या नोंदीची जोड देऊन, पुढे रक्तदाब वाढून उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका किती, याचा अंदाज बांधता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, अशा तपासणीत अधिक धोका आढळलेल्या स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर, मुदतीपूर्व प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत या चाचण्या उपलब्ध आहेत. त्यांचा खर्च मात्र सर्वांच्या आवाक्यातला नाही.

येथेच विल्स यांचे स्मरण अगत्याचे ठरते. खूण वाचता येणे हे अर्धेच काम; तिच्यावरचा उपाय त्या स्त्रीच्या ऐपतीत आणणे हे उरलेले अर्धे, हे त्यांनी मार्माइटच्या बरणीने दाखवून दिले. हिमोग्लोबिन ही आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी खूण आहे. ते ११ ग्रॅमच्या खाली असेल तर गर्भवतीला रक्तक्षय आहे, असे मानले जाते. ७ च्या खाली गेल्यास धोका गंभीर होतो. बाळंतपणातील थोडासा रक्तस्रावही अशा मातेला सोसत नाही, बाळ कमी दिवसांचे व कमी वजनाचे होण्याची भीती वाढते. हे सारे पहिल्या तीन महिन्यांत कळले, तर सुधारणेला अवधी मिळतो; नवव्या महिन्यात कळले, तर रक्ताच्या पिशवीसाठी धावाधाव करावी लागते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी, हा आरोग्य विभागाचा आग्रह याचसाठी असतो.

१० मे २०१९ रोजी, लुसी विल्स यांच्या १३१ व्या जन्मदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांतून हा शोध उभा राहिला, त्या गिरणगावातील स्त्रियांची नावे तर कोठेच नोंदलेली नाहीत. मावळच्या पाण्यावर चालणाऱ्या त्या गिरण्यांचे भोंगे आता थंडावले आहेत, चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट मात्र अद्याप आपल्या जागी आहे. आणि मावळातील एखाद्या वाडीवर, पावसाच्या झडीत चिखल तुडवत उपकेंद्रापर्यंत आलेल्या गर्भवतीच्या तळहातावर आशा सेविका जी लाल गोळी ठेवते, तिच्यात त्या अनाम मातांचे आणि त्यांचे रक्त आस्थेने वाचणाऱ्या एका परदेशी डॉक्टरचे देणे आहे. ती गोळी डब्यात पडून राहू नये, एवढीच त्या देण्याची परतफेड.